टॅमरॅक रस्त्याच्या चौकातली पाटी

बावीस वर्षं मी त्या भागात पायी टपाल वाटलं आणि राहायलाही तिथंच, टॅमरॅक रस्त्यावर. त्यामुळे कुणाच्या दारात कुत्रा आहे, कुणाची पायरी बर्फात निसरडी होते, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं मला ठाऊक. आर्डिथ हॅल्वरसनचं घर टॅमरॅक आणि सातव्या रस्त्याच्या चौकात. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काम करून निवृत्त झालेली बाई. चारशे पोरांना रांगेत उभं करायची सवय होती तिला, आणि तो आवाज तिनं घरी येतानाही खाली ठेवला नाही.

तिचा नवरा ऑरिन. तीन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तो वॉकर धरून चालायचा. पण रोज सकाळी दहाला घरातून निघायचा, सातवा रस्ता ओलांडायचा आणि लूच्या दुकानात जाऊन कॉफी प्यायचा. दीडशे पावलांचं अंतर, त्याला वीस मिनिटं लागायची. वाटेत मी भेटलो की म्हणायचा, ''लाईल, आज बिलं नकोत. फक्त प्रेमपत्रं टाक.''

आमच्या चौकात कुठलीच पाटी नव्हती. स्टॉप नाही, काही नाही. पूर्वी चालून जायचं, कारण गाड्याच नव्हत्या. पण त्या वर्षी नदीवरचा जुना पूल दुरुस्तीला बंद केला आणि हमरस्त्याची सगळी वर्दळ सातव्या रस्त्यानं वळून येऊ लागली. ऑक्टोबरातल्या एका सकाळी ऑरिन रस्त्याच्या मधोमध असताना एक पिकअप आली. चालकानं जिवाच्या आकांतानं चाक फिरवलं, गाडी ऑरिनला लागली नाही, पण तो दचकून वॉकरसकट आडवा झाला. मनगट मोडलं. गाडीवाला पोरगा रस्त्याच्या कडेला बसून रडत होता, आणि आडवा पडलेला ऑरिनच त्याला सांगत होता, ''अरे, ठीक आहे मी, उठ बाबा.''

मनगट सहा आठवड्यांत जुळलं. ऑरिन मात्र पुन्हा बाहेर पडला नाही. टोपी घालायचा, दारापर्यंत यायचा, मग ''वारा फार आहे आज'' म्हणून खुर्चीत परत. वारा नसला तरी.

मनगट प्लास्टरमध्ये असतानाच आर्डिथनं नगरपालिकेचा अर्ज आणला होता. 'चौकात पाटी बसवण्याबाबत रहिवाशांची विनंती' असा छापील कागद होता. चारही बाजूंना स्टॉपच्या पाट्या हव्यात, असं तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं. महिन्याभरात माणसं येऊन रस्त्यावर काळ्या रबरी नळ्या ठोकून गेली. चाक वरून गेलं की गाडी मोजली जाते. डिसेंबरात उत्तर आलं. ते मीच तिच्या हातात दिलं. तिनं माझ्यासमोरच फोडलं.

''नाही म्हणतात,'' ती म्हणाली. ''गाड्या पुरेशा नाहीत. आणि वर्षभरात अपघात म्हणे एकच, तोही कुंपणाच्या खांबाला. लाईल, ऑरिनचं काय?''

''पोलिसांच्या कागदात काय आहे?''

तिनं पुढचं पान उलटलं. '''पादचारी पडला.' पडला! जसा काही केळीच्या सालीवरून.'' मग तिची नजर मोजणीच्या तारखांवर गेली. ''हे बघ. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. हरणांच्या शिकारीचा हंगाम!''

मला हसू आवरेना. त्या आठवड्यात आमच्या विस्कॉन्सिनात गावंच्या गावं जंगलात जाऊन बसतात. कारखाने ओस, शाळा अर्ध्या रिकाम्या. त्या आठवड्यात आमच्या रस्त्यावरून मोजायला मिळाल्या असतील तर मांजरी.

''हसू नको,'' आर्डिथ म्हणाली. ''घरात घडीची खुर्ची आहे का तुझ्याकडे? माझीचा पाय मोडलाय.''

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी ती चौकात बसली. उणे पंधरा तापमान, अंगावर ऑरिनचा शिकारीचा भडक नारिंगी कोट, मांडीवर गोधडी, हातात अंगठ्यानं दाबलं की आकडा पुढे सरकतो असं छोटं यंत्र. सकाळी सात ते नऊ आणि दुपारी तीन ते पाच. मी टपाल घेऊन जाताना थर्मासमधली कॉफी तिच्या पेल्यात ओतून द्यायचो, कारण तिला हातमोजे काढायचे नसायचे. लोक हसले. कुणी गाडीची काच खाली करून ओरडायचं, ''आर्डिथ, गळाला मासे लागले का?'' ती मान न वळवता बटण दाबायची. ''तू एकशे बारावा, रॉजर. आणि वेग कमी कर.''

चार आठवडे ती बसली. मग रोजचे आकडे टिपलेली वही घेऊन ती नगरपालिकेत गेली आणि वाहतूक विभागाच्या इंजिनियरच्या टेबलावर ठेवली. इंजिनियर म्हणजे पाहुआ लोर नावाची तिशीतली मुलगी. आईबाप लाओसमधून आलेले, ती आमच्याच शाळेत शिकलेली.

''मिसेस हॅल्वरसन,'' ती म्हणाली, ''तुमच्या हातचं टोमॅटो सूप मी सहा वर्षं प्यायलेय.''

''मग तुझ्यावर उपकारच आहेत माझे,'' आर्डिथ म्हणाली. ''आकडे वाच, पोरी.''

पाहुआनं वाचले. सगळे वाचले. मग म्हणाली, ''नळ्या चुकीच्या आठवड्यात लावल्या, हे मला मान्य आहे. मार्चमध्ये पुन्हा मोजू. पण एक गोष्ट आत्ताच सांगते. गरज नसताना पाटी लावली ना, की लोक थांबायचं नाटक करतात, आणि मग गरजेच्या पाटीपाशीही थांबत नाहीत. म्हणून मी सहजासहजी हो म्हणत नाही. मला चौक बघू दे.''

दुसऱ्या दिवशी ती आली. माझ्या घडीच्या खुर्चीत बसली, उठली, टेप लावून मापं घेतली. मी त्याच वेळी तिथं पोचलो होतो. पाहुआ समोरच्या कोपऱ्यावरच्या हिरव्या भिंतीपाशी थांबली. भिंत म्हणजे सीडरच्या झुडपांचं कुंपण, डोक्याच्याही वर गेलेलं, बर्फानं लदलेलं.

''हे कुणाचं?''

''क्लेमंट व्हर्बाचं,'' मी म्हणालो.

''सातव्या रस्त्यानं येणाऱ्याला याच्यामुळे काहीच दिसत नाही. कोपऱ्यावर माणूस उभा असला तरी नाही. कमरेच्या खाली येईल इतकं छाटायला हवं.'' ती थांबली. मग आर्डिथकडे बघून, शब्द तोलून बोलली, ''पण हेही सांगायला हवं. आत्ता तुमच्या अर्जाच्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा हे कुंपणच आहे. ते छाटलं, तर दिसायला लागेल, आणि मंजुरी देणाऱ्या समितीतले काहीजण म्हणतील, मग पाटी कशाला? समितीची बैठक एप्रिलमध्ये आहे. मी अहवालात जे डोळ्यांनी बघीन ते लिहिणार.''

ती गेल्यावर मी आर्डिथला म्हणालो, ''सरळ आहे. एप्रिलपर्यंत गप्प बस. पाटी मिळू दे, मग छाटायला लाव.''

''दोन महिने?''

''दोन महिन्यांनी काय होतंय?''

''आणि तेवढ्यात त्या कुंपणामागून कुणी मेलं, तर मी काय, हातात बटण घेऊन मोजत बसू?'' ती चिडली होती. माझ्यावर नव्हे, मला वाटतं. मी म्हणालो तसं करावंसं तिलाही वाटलं होतं, त्याचा राग होता तो. ''पाटी मला ऑरिनसाठीच हवीय ना? की जिंकण्यासाठी?''

आणि ती तशीच रस्ता ओलांडून क्लेमंटच्या दारात गेली. मीही मागोमाग गेलो. त्याचं टपाल माझ्या हातात होतंच.

इथं सांगायला हवं, हॅल्वरसनांच्या घरातलं कुणी त्या दारात आठ वर्षांत गेलं नव्हतं. ऑरिन आणि क्लेमंट तीस वर्षं एकत्र मासे मारायचे. गोठलेल्या तळ्यावर दोघांनी मिळून मासेमारीची लाकडी टपरी बांधली होती, आत शेगडी, दोन खुर्च्या. एका मार्चमध्ये बर्फ पातळ व्हायला लागलं, आणि टपरी किनाऱ्याला ओढून आणायची पाळी कुणाची यावर दोघं घोळ घालत राहिले. टपरी शेगडीसकट तळाला गेली. ''तू आणणार होतास,'' ''नाही, तू.'' त्यावरून शब्द वाढले. क्लेमंट विधुर, हट्टी. त्याच उन्हाळ्यात त्यानं ते कुंपण लावलं.

दार उघडून तो आर्डिथकडे बघत राहिला. ''काय?''

''कुंपण छाट.''

''का म्हणून?''

''गाडीवाल्यांना दिसत नाही.''

''पाटीच्या कागदावर सही हवी तर देतो. कुंपणाला हात लावणार नाही. ते मी कशासाठी लावलं ठाऊक आहे तुला. त्याचं तोंड दिसू नये म्हणून.''

आर्डिथचा आवाज खाली आला. इतका खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला. ''क्लेमंट, ऑक्टोबरपासून त्यानं तोंड बाहेर काढलेलंच नाही. बघायला काही उरलेलं नाही. आता तरी छाट.''

क्लेमंटनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

''ऑक्टोबरपासून?'' तो म्हणाला. ''तो लूकडे जात नाही? मला वाटलं, माझ्या दारावरून जायला नको म्हणून त्यानं दुसरी वाट धरली.''

''त्याला दुसरी वाट चालवत नाही. त्याला कुठलीच चालवत नाही.''

त्यानं माझ्या हातातून टपाल घेतलं आणि दार लावलं. पण शनिवारी सकाळी करवतीचा आवाज आला. क्लेमंट, वय वर्षं सत्त्याहत्तर, गुडघाभर बर्फात उभा राहून स्वतः कुंपण कापत होता. मी मदतीला गेलो तर म्हणाला, ''फांद्या ओढ. बोलू नको.'' तासाभरात कोपरा उघडा पडला. रस्त्यापलीकडे हॅल्वरसनांच्या खिडकीत ऑरिन खुर्चीत बसलेला स्पष्ट दिसत होता. क्लेमंटनं करवत खाली ठेवली. ऑरिननं खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं. हात कुणीच हलवला नाही. पण खिडकीचा पडदाही कुणी ओढला नाही.

मार्चमध्ये पुन्हा नळ्या लागल्या. यावेळी आकडा तिपटीच्या वर गेला. आर्डिथच्या वहीतल्या त्याच तासांच्या आकड्यांत आणि त्यात फरक दिवसाला आठ-दहा गाड्यांचा. पाहुआनं अहवालात दोन्ही गोष्टी लिहिल्या. गाड्या वाढल्यात. आणि कोपऱ्यावरचा अडथळा दूर झालाय.

एप्रिलच्या बैठकीत पाच सभासद होते. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. आर्डिथ उभी राहिली. तिनं भाषण लिहून आणलं होतं, पण कागद घडी करून खिशात ठेवला.

''माझा नवरा रोज कॉफी प्यायला जायचा,'' ती म्हणाली. ''आता जात नाही. तुमच्या कागदात तो अपघात नाही, कारण गाडी त्याला लागली नाही. म्हणजे लागली असती तर बरं झालं असतं का? मला एवढंच विचारायचंय.'' आणि खाली बसली. तिची दोन मिनिटं शिल्लक राहिली.

अध्यक्ष, मोटारींचं दुकान चालवणारा जाडजूड गृहस्थ, घसा खाकरून म्हणाला, ''पण कुंपण तर छाटलंय. नोंदलेला अपघात एकच...''

''चार,'' मागून आवाज आला. क्लेमंट उभा होता. अंगात चर्चला घालायचा कोट. ''नोंदलेला एक. न नोंदलेले तीन. त्यातले दोन माझे. आम्ही आपसात मिटवले, कारण मला पोलिसांनी माझं कुंपण बघायला नको होतं.'' सभागृहात कुणीतरी फस्सकन हसलं. क्लेमंट लाल झाला, पण बसला नाही. ''आता कुंपण नाही, तरी काल एक गाडी भरधाव गेली. दिसतं, म्हणून लोक अजून जोरात जातात. लिहून घ्या.''

अध्यक्षानं पाहुआकडे पाहिलं. ''तुमचं मत?''

''चारही बाजूंना नको,'' पाहुआ म्हणाली. ''टॅमरॅकवर तेवढी वर्दळ नाही. पण सातव्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी स्टॉप लावावा, अशी माझी शिफारस आहे.''

तीन विरुद्ध दोन. मंजूर.

बाहेर आल्यावर मी आर्डिथचं अभिनंदन केलं. ''अर्धंच मिळालं,'' ती म्हणाली. पण तिनं पाहुआचा हात बराच वेळ धरून ठेवला होता. आणि क्लेमंटला म्हणाली, ''शुक्रवारी मासे तळणार आहे. ये. न बोलता जेवलास तरी चालेल.''

तो आला का, हे मी विचारलं नाही. पण शनिवारी त्यांच्या दारातल्या उरल्यासुरल्या बर्फात त्याच्या मोठ्या बुटांचे ठसे होते, आत गेलेले आणि बऱ्याच उशिरा, गोठल्यावर, बाहेर आलेले.

मेच्या पहिल्या आठवड्यात लाल पाट्या लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी चौकात होतो. ऑरिन टोपी घालून दारात आला. यावेळी वाऱ्याबद्दल काही म्हणाला नाही. आर्डिथ त्याच्या मागं दोन पावलांवर, हात पुढे न करता. तो कडेला आला आणि नेमका त्याच वेळी सातव्या रस्त्यानं क्लेमंटचा जुना ट्रक आला. आला आणि पाटीपाशी पूर्ण थांबला. क्लेमंटनं आतून हातानं खूण केली, जा. ऑरिननं वॉकरवरून हात उचलून खूण केली, तू जा. क्लेमंटनं पुन्हा खूण केली. ऑरिननं पुन्हा. क्लेमंटच्या मागं दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. कुणी भोंगा वाजवला नाही, आमच्याकडे वाजवत नाहीत.

''ऑरिन!'' आर्डिथ शाळेच्या स्वयंपाकघरातल्या आवाजात ओरडली. ''चाल!''

तो चालला. पलीकडे पोचायला त्याला बराच वेळ लागला. ट्रक तोवर जागचा हलला नाही.