ओवाळणी

राहीबाईने औक्षणाचं ताट दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि मंडपाच्या पायरीवर पाय ठेवला. वर मुख्यमंत्री उभे होते. सांगलीचं मैदान माणसांनी फुलून गेलं होतं.

खरं तर तिने ओवाळायचं नव्हतं. पोराला, सयाजीला, जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. निघताना जावेने दारातच अडवलं होतं.

"दुखवट्याच्या घरातनं ताट घिऊन निघालीस व्हय? लोक तोंडात शेण घालत्याल."

"घालू द्या," म्हणून ती निघाली. पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवून झाल्या होत्या. मुख्यमंत्री साहेबांच्या कानापर्यंत पोचायला दुसरी वाट उरली नव्हती.

कृष्णेतली वाळू चोरून नेणारा डंपर सयाजीने अडवला, तेव्हा तो त्याच्या अंगावर घातला गेला. सगळ्या गावाला ठाऊक होतं. कागदावर मात्र अपघात अशी नोंद झाली. मग अपघाताची सरकारी मदत मंजूर झाली, ती राहीबाईने तहसील कचेरीतच नाकारली. मदत घ्यायची म्हणजे पोराचा खून झालाच नाही, असं आपल्या तोंडाने कबूल करायचं.

माईकवर साहेबांच्या कारकिर्दीचे गोडवे चालू होते. नवा कर नाही, गुन्हेगारी निम्म्यावर, मदत गरिबाच्या दारात. लोक टाळ्या पिटत होते.

"मावशी, ओवाळायचं आणि बाजूला व्हायचं. बोलत बसू नका," तिला ओवाळायला बोलावणाऱ्या पक्षाच्या विजयमालाताईंनी बजावलं.

"व्हय."

साहेबांनी मान वाकवली. राहीबाईने कुंकू लावलं, ओवाळलं.

"सायेब, माज्या सयाजीला..."

तेवढ्यात विजयमालाताईंनी पुढे केलेलं पाकीट साहेबांनी ताटात ठेवलं आणि माईक हाती घेतला.

"या माउलीचा मुलगा अपघातात गेला. तिने मदत घेतली नव्हती. आज तीच भावाची ओवाळणी म्हणून घेतेय!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. राहीबाईला कचेरीत नाही म्हणता आलं होतं. पण ओवाळणी परत केली तर भावाचं वाईट होतं, हे तिला आईने शिकवलेलं, आईला आजीने.

पाकिटाचा कोपरा निरांजनाला लागत होता. लागू द्यावा, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग तिनेच बोटाने ते बाजूला सरकवलं. डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं आणि सवयीने शब्द तोंडातून निघून गेले.

"शंभर वर्सं जगा, दादा."