चित्राखालची चार बोटे जागा

एकतीस वर्षे ज्याने दुसऱ्यांच्या चित्रांना चौकटी घातल्या, त्या कारागिराने चित्राचा अर्थ काय या प्रश्नात कधीही डोके घातले नव्हते. लाकूड काटकोनात बसावे आणि कापडाला सुरकुती राहू नये, एवढेच त्याचे शास्त्र. आणि या शास्त्रात आजवर कुणी खोट काढली नव्हती. म्हणूनच त्या मंगळवारी दुपारी मेहुण्याने दुकानात येऊन एक छापील पुस्तिका त्याच्यापुढे टाकली, तेव्हा आपल्या हातून काय घडून गेले आहे, याची त्याला सुतराम कल्पना नव्हती.

मेहुणा चित्रदालनात कारकून होता. तेथील काम चौकटवाल्याला मिळाले, ते त्याच्याच शब्दावर.

"वाचा, दाजी. तुम्ही गेल्या आठवड्यात बसवलेलं ते निळं चित्र. आधी किंमत बघा, मग पाणी प्या."

चौकटवाल्याने शून्यांवर एकेक बोट ठेवले. "एक्केचाळीस लाख? अरे, नुसता निळा रंग फासलाय! एवढ्यात रंगाचा कारखाना येईल."

"पैसे रंगाचे नाहीतच. अर्थाचे आहेत."

"आणि तो अर्थ कुठे बसलाय?"

"तळाशी. तिथे मळकट पांढरी पट्टी आहे ना, चार बोटं रुंद? एक तज्ज्ञ म्हणतो, ते माणसाचं मौन. दुसरा म्हणतो, मरण. दोघांची जुंपली आणि किंमत दुप्पट झाली."

"मौन कसलं डोंबलाचं! चित्र काढताना तो चित्रकार हात टेकवत असणार तिथे. तळहाताचा मळ होता तो, म्हणून तर मी..."

चौकटवाल्याची नजर मेजावरच्या पात्याकडे गेली.

म्हणून तर त्याने ती पट्टी कापली होती. अनेक चित्रकार कडेला रिकामे कापड सोडतात. ते मागे दुमडले की कोपरे फुगतात. सबब जादा कापड कापून टाकण्याची त्याची रीतच होती. मळलेली पट्टी जादाच, असे मानून त्याने पाते फिरवले आणि तिच्याच बोळ्याने सांडलेला सरस पुसला. तो बोळा कचऱ्यात जाऊन आठ दिवस लोटले होते. हे सारे त्याने मेहुण्याला सांगून टाकले.

"दाजी, चेष्टा करताय ना?" मेहुणा कसाबसा म्हणाला. "शुक्रवारी गिऱ्हाईक येतंय. स्वतः चित्रकारही येणार, चित्र आपलंच आहे असं लिहून द्यायला. माझी नोकरी गेली तर ताईला काय सांगू?"

त्यावर चौकटवाल्याने फार विचार केला नाही. लबाडीने राखलेल्या कामापेक्षा खरे बोलून गमावलेले काम बरे, असे त्याच्या सरळ मनाने घेतले, आणि तो त्याच पावली दालनाच्या मालकासमोर जाऊन उभा राहिला.

मालक ओरडला असता तर बरे झाले असते. त्याने सर्व शांतपणे ऐकले आणि उठून दार लावून घेतले.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"मेहुण्याला."

"म्हणजे घरातल्या घरातच आहे. छान. नवी पट्टी जोडून टाका."

"साहेब, ही फसवणूक होईल."

"आणि कापलंत, ती काय सेवा होती?" मालक हसला, परंतु त्याचे डोळे त्या हसण्यात सामील झाले नाहीत. "एक्केचाळीस लाख भरून देता? नाही ना? मग तेवढ्या कर्जाचा कागद करू, तुमच्या नावावर. मेहुण्याला उद्यापासून घरी बसवू. ठरवा तुम्हीच. माझी कसलीच जबरदस्ती नाही."

चौकटवाल्याने मान खाली घातली. ती मान पुन्हा पूर्वीसारखी ताठ होईल की नाही, ही शंका त्याला त्याच क्षणी चाटून गेली.

दोन दिवस तो दालनाच्या मागच्या बंद खोलीत राबला. तशाच विणीच्या कापडाची पट्टी त्याने चित्राला भिडवली, दोन्हींच्या पाठीला एकसंध अस्तर चिकटवले, सांधा बुजवून पांढरा रंग दिला. शेवटी काजळीत हात घोळवून स्वतःचा तळहात तेथे पुन्हा पुन्हा टेकवला. काम इतके बेमालूम उतरले, की आपल्याच कौशल्याची त्याला भीती वाटली.

शुक्रवारी गिऱ्हाईक आले. करड्या कोटातील त्या गृहस्थाने पट्टीपुढे बराच वेळ उभे राहून निकाल दिला, "मौनच आहे. मरण म्हणणाऱ्यांना डोळे नाहीत."

"अगदी बरोबर," मालक म्हणाला.

मागोमाग वृद्ध चित्रकार आला. त्याने चष्मा काढला तो डाव्या हाताने, काठी भिंतीला टेकवली तीही डाव्याच हाताने. चौकटवाल्याने झटकन चित्राकडे पाहिले. चित्रावर उमटलेले सारे ठसे उजव्या हाताचे होते!

चित्रकार वाकला. त्याने आपला डावा तळहात एका ठशावर ठेवला. अंगठा भलत्याच बाजूला गेला. मेहुणा दाराशी घामाने निथळत होता.

"चौकट कुणी केली?" चित्रकाराने विचारले.

"मी," चौकटवाला म्हणाला. आता सगळे बाहेर पडेल आणि आपण सुटू, या विचाराने त्याला काहीसे हलके वाटले.

चित्रकाराने त्याचा उजवा हात हाती घेतला, नखांच्या कडेची काजळी पाहिली. मग मालकाकडे वळून तो स्पष्ट आवाजात म्हणाला, "चित्र माझंच आहे. आणा कागद."

गिऱ्हाईकाने टाळी वाजवली. सही झाल्यावर मालक त्याला घेऊन दुसऱ्या खोलीत गेला, तेव्हा चौकटवाल्याला राहवले नाही.

"महाराज, तुम्हाला कळलं होतं. मग बोलला का नाहीत?"

"तेरा वर्षांपूर्वी या मालकानं मला दुसऱ्याच्या एका चित्रावर सही करायला लावली," म्हातारा खालच्या आवाजात म्हणाला. "'एकदाच', असं म्हणाला होता. तुम्हाला काय म्हणाला?"

चौकटवाल्याने आठवून पाहिले. एकदाच, असे मालक त्याला म्हणालादेखील नव्हता.

तो अवजारांची पेटी उचलून दाराकडे निघाला, तोच मालक परतला आणि त्याने पेटीच्या मुठीवर अलगद हात ठेवला.

"राहू द्या इथेच. दोन चित्रं आलीत, सकाळी लवकर या. उगाच ओझं कशाला वाहता?"

चौकटवाल्याने मेहुण्याकडे पाहिले. मेहुण्याने नजर फिरवली.

त्याने पेटी जमिनीवर ठेवली. "येतो," तो म्हणाला.