कानसेनची दांडी

हिरव्या गाडीत एक दांडी होती, आणि ती कशासाठी आहे हे विचारायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

गाडी दोन सीटची, बिनटपाची, लांब नाकाची जुनी स्पोर्ट्स कार. वयाने चिमीपेक्षा मोठी. चिमी म्हणजे गाडीच्या मालकांची एकुलती एक लेक. पन्नाशी गाठली, गाड्यांच्या सीट शिवायचं स्वतःचं दुकान चालवते, हाताखाली चार माणसं राबतात, पण घरात अजून चिमीच. तर ती दांडी गिअरबॉक्सच्या अंगाला बोल्टने आवळलेली, तिथून खालच्या मॅटखालून मागे गेलेली, आणि ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीत शिरून गडप झालेली. तिच्यापायी ती सीट जमिनीला वेल्डिंग करून टाकलेली. पुढे सरकायची नाही की मागे सरकायची नाही. बाबांच्या उंचीचा माणूस असला तर ऐटीत बसेल, बाकीच्यांनी उशी घ्यावी नाहीतर पायी जावं.

बाबा म्हणजे कानसेन. हे नाव गिऱ्हाइकांनी दिलेलं. गॅरेज चालू होतं तेव्हा बोनेटखालचा एक नट न खोलता ते इंजिनचं दुखणं सांगायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ दातांत धरायचे आणि डोळे मिटायचे. बाकीचे मेकॅनिक मूठ कानाला लावतात, हे दातांत धरायचे. लोक म्हणायचे, उस्तादांची तऱ्हाच निराळी. मग मूठ तोंडातून काढून एवढंच सांगायचे, तिसरा व्हॉल्व्ह. आणि बघावं तर तिसराच निघायचा. त्यापलीकडे बोलणं नाही. गिऱ्हाईक काही सांगायला लागलं की आई हातातलं काम टाकून पुढे यायची आणि बाबांच्या तोंडासमोर उभी राहून तेच पुन्हा सावकाश, शब्द न् शब्द सांगायची. सगळ्यांना वाटायचं, बाई भारी काटेकोर आहे हो.

आता आई नाही. गॅरेजला कुलूप लागलं, बाबांचे गुडघे गेले. चार-पाच वर्षांमागे कानात मशीनही आलं. वय कुणाला चुकलंय, कानसेनचेसुद्धा कान जायचेच, असं म्हणून सगळे हळहळले. त्या मशीनचा बाबांनी मात्र फायदाच करून घेतला. नको तो विषय निघाला की बोट कानाशी जायचं आणि मशीन बंद. मग तुम्ही बसा भिंतीशी बोलत.

या वर्षी त्यांनी काय मनात आणलं कुणास ठाऊक, गाडीची किल्ली चिमीच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, बघ काय होतंय. गाडी कितीतरी वर्षं ताडपत्रीखाली गॅरेजात पडून होती. चिमीने पदर खोचला तो खोचलाच. कार्बोरेटर उतरवून धुतला, ब्रेकच्या गंजक्या नळ्या बदलल्या, दारांचे रबर शोधून शोधून आणले. शेजारची सीट मूळच्या शिवणीबरहुकूम स्वतः शिवली. जुन्या गाड्यांच्या क्लबाचा एक तपासनीस असतो, त्याला बोलावलं. गाडी कंपनीतून निघाली तशीच्या तशी असेल तर तो मूळ रूपाचा दाखला देतो. गृहस्थ सभ्य, हातमोजे घालून आलेला. सतरंजी अंथरून गाडीखाली झोपला, टॉर्च मारून सगळं पाहिलं आणि खूश होऊन उठला. मग ड्रायव्हरच्या सीटशी येऊन त्याचा चेहरा उतरला. ही दांडी, हे वेल्डिंग आणि डॅशबोर्डाखाली ठोकलेला हा बोटभर आरसा, एवढं काढून टाका, म्हणाला. येत्या रविवारी येऊन दाखल्यावर सही करतो.

चिमीला तो दाखला भिंतीवर टांगायला नको होता. तो बाबांच्या पुढ्यात ठेवायचा होता. आयुष्यात एकदा तरी त्यांनी म्हणावं, बरं केलंस. एवढ्यासाठी तिचा जीव अडला होता, आणि का अडला होता तेही सांगायला हवं.

कॉलेज संपलं त्या वर्षी बाबा तिला याच गाडीतून एकदा लांब घेऊन गेले होते. बाप-लेक दोघंच. तिला गॅरेजात काम करायचं होतं. लहानपणापासून तेच एक वेड. पण बाबांच्या तोंडाकडे बघून विचारायचा धीर नव्हता. म्हणून तिने मान वळवली आणि रस्त्याकडेची झाडं बघत बघत विचारलं, "बाबा, मी तुमच्याबरोबर गॅरेजात काम करू का?" बाबा गाडी चालवत राहिले. हो नाही, नाही नाही, साधं हूं नाही. तिने परत विचारलं नाही. घरी येऊन पोटभर रडली आणि महिन्याभरात दुसऱ्याच्या दुकानात सीट शिवायला शिकायला लागली. पुढल्या वर्षी बाबांनी गाडीवर ताडपत्री टाकली. का, ते सांगितलं नाही. त्या घरात कारण सांगायची पद्धतच नव्हती.

आताही तेच झालं. दांडी काढते म्हटल्यावर बाबा म्हणाले, "दांडीला हात लावू नकोस." का, असं तिने विचारलं, तर बोट कानाशी.

चिमीचं डोकं फिरलं. पण रागापेक्षा तिची जिज्ञासा मोठी, आणि सीट उसवणं तर तिचा रोजचा धंदा. हात लावू नको म्हणजे काढू नको. बघू नको असं कुठे म्हणालेत? शनिवारी दुपारी तिने सीटच्या पाठीची शिवण उसवायला घेतली. शिवण बाबांच्याच हातची असणार, गोणपाट शिवावं तशी. तिला हसू आलं. आत फोम, फोमच्या आत दांडी. ती वर वर गेलेली, आणि शेवटी, जिथे डोकं टेकतं तिथे, एक लिंबाएवढा पितळी गोळा. तोही मधोमध नाही, उजव्या बाजूला सरकवलेला, कानामागच्या हाडाशी बरोबर यावा असा. त्याच्यावर फोम नाही, फक्त एक पातळ चामड्याचा पापुद्रा.

आता आली का पंचाईत. गाडीच्या सीटमध्ये माणूस डोकं टेकायला मऊ करतो. हा मुद्दाम टणक गोळा कशाला?

तिने उशीवर उशी ठेवून स्वतःला उंच केलं, इंजिन सुरू केलं आणि डोकं मागे टेकवलं. टेकवलं आणि दचकून पुढे आली. परत टेकवलं. इंजिन तिच्या डोक्याच्या आत चालू होतं. एकेक व्हॉल्व्ह वेगळा, चेन वेगळी, डावीकडे कुठेतरी एक बारीक किरकिर, जी बाहेरून कधीच ऐकू आली नव्हती. म्हातारा रसिक आहे हो, तिने मनात म्हटलं. गंमत म्हणून तिने दोन्ही कानांत बोटं घातली. आवाज कमी व्हायला हवा होता. तो आणखी स्वच्छ झाला.

ती तशीच बोटं घालून बसून राहिली. काहीतरी कळत होतं, पण हाताला लागत नव्हतं.

संध्याकाळी नवरा चहाला हाक मारायला आला, त्याला तिने पकडलं. तो बाबांएवढाच उंच. त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, आपण शेजारी बसली आणि त्या बोटभर आरशाकडे बोट दाखवलं. घरात सगळे धरून चालले होते की तो आईला केस सारखे करायला लावलेला आहे. पण चिमीला त्यात स्वतःचे केस दिसेनात. दिसत होते ते नवऱ्याचे डोळे.

"तुला काय दिसतंय?" तिने विचारलं.

"तुझं तोंड. नाकापासून हनुवटीपर्यंत. बाकी काही नाही." मग तो हसून म्हणाला की सासूबाईंवर पहारा ठेवलेला दिसतोय सासऱ्यांनी. तिने इंजिन सुरू करायला लावलं आणि हळू आवाजात काहीतरी बोलली. या गोंगाटात ऐकू काही येत नाहीये, तो ओरडून म्हणाला, पण चहात साखर घालू नकोस म्हणालीस ना? ओठांवरून कळलं.

चिमीने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. दातांतला स्क्रू ड्रायव्हर, तोंडासमोर उभी राहून बोलणारी आई, डोक्यामागचा गोळा, ओठांवर रोखलेला आरसा. मशीन आलं चार-पाच वर्षांमागे. गाडीवर ताडपत्री पडली ती चिमी तरुण असताना. म्हणजे बाबांचे कान तेव्हाच गेले होते. कान गेले होते, पण हाडातून आवाज आत पोचत होता, आणि त्या हाडावर माणसाने कानसेन हे नाव इतकी वर्षं सांभाळलं होतं. नवऱ्याने विचारलं, काय झालं गं, रडतेस का. ती म्हणाली, मी झाडांकडे बघत होते. त्याला अर्थातच काही कळलं नाही.

रविवारी तपासनीस आला तेव्हा बाबा गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते, ओठ घट्ट मिटून. दांडी जागच्या जागी बघून तपासनीस गोंधळला. चिमी म्हणाली, दांडी राहील, आरसाही राहील, दाखला नाही मिळाला तरी चालेल. कारण सांगितलं नाही. शेवटी तीही त्याच घरची. फक्त त्या भल्या माणसाला सीटवर बसवलं, डोकं टेकवायला लावलं आणि कानांत बोटं घालायला सांगितलं. तो बराच वेळ उठलाच नाही. उठला तेव्हा म्हणाला की नियम तो नियम, सही काही करता येणार नाही, पण पुढच्या रविवारी नुसतं बसायला आलो तर चालेल का.

तो गेल्यावर चिमीने बाबांना हाताला धरून गाडीत बसवलं. गुडघे वाकवताना ते कण्हले, पण सीटमध्ये असे बसले की जणू कालच उठून गेले होते. तिने इंजिन सुरू केलं. बाबांनी कानातलं मशीन काढून शर्टाच्या खिशात टाकलं, डोकं मागे टेकवलं, डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, "डावीकडे किरकिर आहे. पाण्याचा पंप."

चिमी शेजारी बसली. आरसा पुसला, आणि बाबा डोळे उघडेपर्यंत थांबली. मग आरशात बघून सावकाश विचारलं, "कान कधी गेले, बाबा?"

बाबा आरशात बघत राहिले. बोट कानाशी गेलं, पण तिथे बंद करायला काही नव्हतं.

"तू कॉलेजात होतीस," ते म्हणाले. "फक्त तुझ्या आईला माहीत होतं. कानसेन बहिरा म्हटल्यावर गाडी कुणी आणली असती माझ्याकडे?" मग ताडपत्रीचंही सांगितलं. एकदा मागच्या ट्रकचा भोंगा ऐकू आला नाही, आई शेजारी होती, थोडक्यात वाचली. त्यानंतर गाडीला हात लावायचा नाही असं ठरवलं.

चिमी म्हणाली, "मी तुम्हाला या गाडीत एक विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत."

"कधी? काय?"

"गॅरेजात येऊ का, म्हणून. मी बाहेर बघत होते."

बाबांचा चेहरा आरशात मावत नव्हता, नुसते डोळेच दिसत होते, पण तेवढे पुरे होते. ते भरून आले. म्हणाले, त्या दिवशी तिला लांब नेलं ते त्याचसाठी. पोरगी आज विचारेल, उद्या विचारेल म्हणून वाट बघत होते. ती सीट शिवायला गेली तेव्हा त्यांना वाटलं, बापाच्या हातचं ग्रीस नको झालं पोरीला. आणि आपण होऊन ये म्हणायचं, तर आधी कानांचं सांगावं लागलं असतं, तेवढी छाती झाली नाही.

इंजिन चालूच होतं. मग बाबांनी आरसा थोडा तिच्याकडे वळवला, नीट लावला, आणि म्हणाले, "आता विचार."

चिमीने मान सरळ ठेवली. "बाबा, मी तुमच्याबरोबर गॅरेजात काम करू का?"

बाबांनी तिच्या ओठांवरचा शेवटचा शब्द संपेपर्यंत नजर हलवली नाही.

"उद्या सकाळी ये," ते म्हणाले. "जुने कपडे घालून ये. पंप उतरवायचाय."