डावखुरी निब

दातांच्या डॉक्टरांनी निवृत्त झाल्यावर दवाखाना बंद केला खरा, पण कुणाच्या तरी तोंडात डोकावल्याशिवाय त्यांना करमेना. माणसं काही उगाच तोंड उघडत नाहीत, तेव्हा त्यांनी जुन्या पेनांची टोपणं उघडायला सुरुवात केली. शाईच्या पेनाला जीभ असते, दात नसतात, आणि ते 'दुखतंय' असं कधी म्हणत नाही. असा गुणी पेशंट डॉक्टरांना उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

जुन्या सामानाच्या दुकानांतून ते पेनं हुडकून आणत. या उद्योगाचा पहिला नियम म्हणजे पेनाकडे बघायचं नाही. आधी भलत्याच वस्तूची चौकशी करायची, तिच्यावर घासाघीस करायची, आणि निघता निघता 'हे असंच पडलंय वाटतं?' म्हणत पेन उचलायचं. आपल्याला ते हवंय हे दुकानदाराच्या ध्यानात आलं की संपलं. या धूर्तपणापायी डॉक्टरांच्या घरात कोळशाच्या तीन इस्त्र्या, एक चेपलेला बिगुल आणि कुणा परक्याच्या आजोबांची तसबीर जमा झाली होती.

बरं, एवढी पेनं असून डॉक्टर लिहीत काहीच नसत. फार तर कागदावर सही करून बघत आणि पेन पुन्हा मखमलीत झोपवत. घरात लिहीत असे ती त्यांची बायको, आणि तीही बॉलपेनने. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे गल्लीला ती 'बाई' म्हणूनच ठाऊक. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने नगरपालिकेला शिकवायला घेतलं. बंद दिवा, फुटका नळ, उखडलेली फरशी, असा कुठलाही धडा तिच्या नजरेतून सुटत नसे. पत्राखाली सही 'एक त्रस्त नागरिक', आणि त्याखाली स्वतःचं पूर्ण नाव नि पत्ता, कारण निनावी पत्र पाठवणं तिला भित्रेपणाचं वाटे.

मग एका आजारपणात बाईंचा उजवा हात लुळा पडला. जीभ शाबूत राहिली, त्यामुळे घरात तसा फरक पडला नाही. पण पत्रं थांबली. कोपऱ्यावरच्या गटाराचं झाकण नाहीसं झालं आणि कुणीतरी त्यात झाडाची फांदी रोवून ठेवली. फांदी वाळली तरी कुणी फिरकलं नाही. बाई रोज खिडकीतून त्या फांदीकडे बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात बाई गप्प आहेत याची डॉक्टरांना पहिल्यांदाच भीती वाटली.

"मी लिहितो, तू सांग," ते एकदा म्हणाले.

"तुमचं अक्षर औषधवाल्यांनाच कळतं," बाई म्हणाल्या. "आणि झोंबायला पाहिजे ते तुमच्या हातून उतरायचं नाही. तुम्ही आधी भूल देता."

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने डाव्या हाताने लिहून बघा म्हणून सुचवलं. बॉलपेन दाबावं लागतं आणि डाव्या हातात जोर नव्हता. डॉक्टरांनी लगबगीने आपली मखमल उलगडली. शाईचं पेन नुसतं टेकवलं की चालतं. पण उजवा हात पेन ओढत नेतो आणि डावा ढकलत नेतो, आणि ढकललेली निब कागदात रुतते. एकेक उंची पेन बाईंच्या हातात गेलं आणि मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसं ओरडलं. शेवटी बाईंनी कागद बाजूला सारला. गिरवायचं वय गेलं, म्हणाल्या, आता राहू दे. ते 'राहू दे' डॉक्टरांना लागलं. नगरपालिकेकडून तो शब्द बाईंनी कधी ऐकून घेतला नव्हता.

रात्री कूस बदलता बदलता त्यांना ते शेवाळी रंगाचं पेन आठवलं. वर्षापूर्वी चालूशेठच्या दुकानात पाहिलेलं. चालूशेठ हे नाव डॉक्टरांनीच ठेवलेलं, कारण दुकानातल्या मुक्या रेडिओपासून काटे गळालेल्या घड्याळापर्यंत सगळ्याबद्दल तो 'चालू आहे' एवढंच सांगे. ते पेन भिंगाखाली धरल्यावर डॉक्टरांनी नाक मुरडलं होतं. निब एकाच बाजूने झिजलेली. कुणा डावखुऱ्याने वर्षानुवर्षं लिहून ती आपल्या हाताच्या वळणावर आणली होती. बिघडवून ठेवलंय, म्हणून त्यांनी ते परत डब्यात टाकलं होतं. आता तेच बिघडलेलं हवं होतं.

सकाळी चालूशेठ कुलूप काढतो न काढतो तोच डॉक्टर पायरीवर हजर. नियम, धूर्तपणा, सगळं विसरून म्हणाले, "ते शेवाळी पेन आहे का हो अजून?"

चालूशेठ किल्ली हातात धरून बघतच राहिला. आधी इस्त्री नाही, बिगुल नाही. "डॉक्टर, घरी सगळं बरं आहे ना?" त्याने विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं. चालूशेठने मग पान्ह्यांचा डबा, बिजागऱ्यांचा डबा, चाव्यांचा डबा असं सगळं जमिनीवर ओतलं. पेन छत्रीच्या दांड्यांत निघालं. त्याने ते शर्टाला पुसलं, सवयीने 'चालू आहे' म्हणाला, आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच पुढे जोडलं, "चालायला पाहिजे."

घरी बाई दुपारची डुलकी घेत होत्या. डॉक्टरांनी पेन खोललं, कोमट पाण्यात धुतलं, जीभ साफ केली, नवी शाई भरली. खरं म्हणजे इथे थांबायचं. पण डोळ्याला भिंग होतं, खिडकीतून छान उजेड येत होता, आणि भिंगाखाली निबचं टोक एका बाजूने झिजलेलं दिसत होतं. उभी हयात माणसांचे झिजलेले दात घासून सारखे करण्यात गेलेली. हात आपसूक पॉलिशच्या कागदाकडे गेला. इकडून जरासं, तिकडून जरासं. टोक सुरेख गोल झालं. मान तिरकी करून आपली कारागिरी बघताना त्यांच्या लक्षात आलं, की ज्यासाठी पेन आणलं तेवढंच नेमकं आपण घासून टाकलंय.

बाई उठल्या तेव्हा ते पेन हातात घेऊन खुर्चीत बसले होते. काढायचा दात सोडून दुसराच काढला, असा एकंदर चेहरा.

त्यांनी सगळं सांगितलं. चालूशेठ, छत्रीचे दांडे, पॉलिशचा कागद. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग खांदे हलू लागले. डॉक्टरांना वाटलं, रडतेय. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"एवढं शोधून आणलंत," त्या म्हणाल्या, "आणि बरं करून टाकलंत."

"दुसरं शोधतो. कुठेतरी असेलच."

"म्हणजे आता ही निब कुणाच्याच हाताची नाही?"

"नाही."

"ज्याने आधी झिजवली होती, त्याने कशी झिजवली?"

"लिहून लिहून. दुसरं काय?"

"मग द्या इकडे," बाईंनी डावा हात पुढे केला. "दुसऱ्याची उष्टी निब हवीय कुणाला? मी माझी झिजवते."

त्या दिवसापासून घरात कुरकुर सुरू झाली. पेनाची, आणि पेनावर बाईंची. आधी उभ्या रेघा, मग तिरक्या, मग अक्षरं, दारू प्यायल्यासारखी एकमेकांच्या अंगावर कोसळणारी. बाई स्वतःच लाल शाईने त्यांना गुण देत आणि नापास करत. डॉक्टरांना निबला हात लावायची सक्त मनाई होती. भिंग नुसतं उचललं तरी आतून विचारणा व्हायची, "काय चाललंय?" त्यांनी आपली पेनात शाई भरावी, टिपकागद धरावा आणि कान द्यावा. एका दुपारी टिपकागद धरून बसले असता त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. बऱ्याच वेळाने उमगलं, की पेन ओरडत नाहीये.

त्यानंतर आठवड्याभराने नगरपालिकेचा कारकून दारात उभा. हातात बाईंचं पत्र. त्यातली अक्षरं डावीकडे कललेली, जणू वाऱ्यात उभी होती.

"बाई, बरं वाटतंय ना आता?" त्याने विचारलं. "साहेब म्हणाले, खाली नाव बाईंचं आहे पण अक्षर त्यांचं नाही, कुणीतरी खोडी काढलीय, राहू द्या. मी म्हटलं, साहेब, 'आपण झोपला असाल तर उठवत नाही, फक्त झाकण कुठे पुरलंय तेवढं सांगा' असं या भागात एकच बाई लिहितात. अक्षर कुठे कललंय त्यावर जाऊ नका."

"मग?"

"मग साहेब उठून बसले. झाकण नेमकं कुठल्या कोपऱ्यावर, तेवढं टिपून घ्यायला आलोय." त्याने खिसे चाचपले. पेन कचेरीतच राहिलं होतं. टेबलावर शेवाळी पेन होतं, त्याने हात लांबवला.

बाईंनी डाव्या हाताने ते आधीच उचललं होतं.

"हे नाही," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठे वळणावर आलंय. दुसऱ्याने लिहिलं की निब बिघडते." आणि नवऱ्याकडे वळून, "अहो, तुमच्या त्या मखमलीतलं एखादं द्या ना यांना. पडलीच आहेत."

डॉक्टर आत गेले. मखमल उलगडून त्यांनी एकेका पेनावरून बोट फिरवलं. मग सगळ्यांत आवडतं होतं ते उचललं, टोपण काढून शाई आहे याची खात्री केली, आणि बाहेर येऊन कारकुनाच्या हातात दिलं.