एका हाताचं मीठ

माझ्या तोंडाच्या कडेला एक टवका उडालेला आहे. लांबीने तांदळाच्या दाण्याएवढा, खोलीने त्याहून कमी. सकाळी त्यात मिठाचे चार-सहा कण अडकलेले असतात, कोरडे आणि पांढरे. समुद्रावरचा दमट वारा सुटला की ते हवेतलं पाणी ओढून घेतात आणि दुपारपर्यंत त्या जागी एक थेंब तयार होतो. तो माझ्या अंगावरून ओघळतो, वाळतो आणि मागे पांढरी रेघ सोडतो. अशा किती रेघा उमटल्या आणि पुसल्या गेल्या, ते मोजणं मी आता सोडून दिलं आहे.

मित्रांनो, मी एक जुनी मिठाची बरणी आहे. चिनी मातीची, वर तपकिरी आणि खाली पिवळट. माझ्याबरोबर भट्टीत आणखी चाळीस बरण्या होत्या. त्यातल्या दोन तडकल्या. उरलेल्या पेंढ्यात गुंडाळून गावोगाव गेल्या, आणि मी बोटीतून या बेटावर आले. तेव्हा मला माझं स्वतःचं झाकण होतं. ते फुटल्यापासून डोक्यावर एक बशी असते, तीही कधी आठवण राहिली तर.

इथे सहा टेबलांचं एक छोटं हॉटेल आहे. स्वयंपाकघर आणि जेवायची खोली यांच्यामधल्या भिंतीत एक चौकोनी खिडकी आहे. तिच्यातून ताटं बाहेर जातात आणि उष्टी भांडी आत येतात. त्या खिडकीच्या फळीवर माझी जागा. त्यामुळे शिजतं कसं तेही मला दिसतं आणि खाल्लं कसं जातं तेही.

हॉटेल दोन जावांचं. दोघींचे नवरे मासेमारीच्या मोठ्या जहाजावर असतात आणि वर्षातून दोनदा घरी येतात. थोरली रांधते. धाकटी वाढते, टेबलं पुसते आणि लोकांचं बोलणं झेलते. थोरलीचा पहिल्या दिवसापासून एक नियम होता: या घरात मीठ एकाच हाताने पडेल.

"दोन हातांनी मीठ पडलं की पदार्थ कुणाचाच राहत नाही," ती म्हणायची.

"बरं बाई, तुमची ती बरणी, तुमचं ते राज्य," धाकटी हसून म्हणायची. आणि खरंच, माझ्यात तिने कधी बोट घातलं नाही.

अकरा वाजता बोट यायची, तीनला परत जायची. मधल्या चार तासांत वीस-पंचवीस माणसं जेवायची. माशाचं सूप, उकडलेले बटाटे, पाव. थोरली सूप ढवळायची, पळीभर घेऊन फुंकर मारून चाखायची, मग माझ्यात तीन बोटं घालायची. पुन्हा चाखायची. पंचवीस माणसांना माझ्यातलं मीठ बरोबर दोन बोटं उतरायचं. वर्षानुवर्षं तेवढंच.

बोटवाला सगळ्यांचं झाल्यावर खिडकीपाशी उभ्यानेच जेवायचा. "वहिनी, येताना हे लोक हवेबद्दल बोलतात आणि जाताना तुमच्या सुपाबद्दल," तो सांगायचा. "कालची एक बाई तर म्हणाली, बोट बुडाली तरी चालेल, जेवण झालंय."

"तुम्ही बुडवू नका म्हणजे झालं," थोरली म्हणायची, आणि त्याच्या वाडग्यात आणखी एक पळी ओतायची. ते माझे चांगले दिवस होते. मला कुणी चांगलं म्हणत नव्हतं. मिठाला कुणी चांगलं म्हणत नाही. ते बरोबर पडलं की कुणाला आठवतही नाही. मला तेवढं पुरत होतं.

दोन वर्षांपूर्वी थोरलीला ताप आला. तीन दिवसांत उतरला. चौथ्या दिवशी ती चुलीपाशी उभी राहिली, सूप चाखलं आणि थांबली. पुन्हा चाखलं. मग धाकटी बाहेर आहे असं बघून तिने माझ्यातलं चिमूटभर मीठ सरळ जिभेवर ठेवलं. माझं मीठ जाडं आहे. कुणाचाही चेहरा आक्रसेल. तिचा चेहरा हलला नाही. वाळू खाल्ल्यासारखी ती नुसती चावत राहिली.

तिने ते कुणालाही सांगितलं नाही. सुरुवातीला रोज सकाळी ती हा प्रयोग करून बघायची. मग आठवड्याने. मग तिने तो थांबवला आणि मीठ अंदाजाने घालू लागली. हाताला सवय होती, पण नुसती सवय किती दिवस पुरणार? मासा कधी खारा निघतो, कधी बटाटे जास्त पडतात. हे तिला जीभ सांगायची. आता कुणीच सांगत नव्हतं.

आणि माझ्यातलं मीठ कधी एक बोट उतरू लागलं, कधी चार.

बाहेर धाकटीला बोलणी बसू लागली. "काय हो, दवाखान्यातलं जेवण आहे का हे?" असं एक जण म्हणाला. दुसऱ्या दिवशी एक जण तीन वाडगे सूप प्यायला आणि आचाऱ्याला नमस्कार सांगा म्हणाला. धाकटीने नमस्कार तेवढा आत पोहोचवला. तिला वाटलं, ताई थकल्या आहेत, विसरतात. तोंडावर सांगायचं कसं? ज्या बाईने वीस वर्षं मिठावर राज्य केलं, तिला मीठ कमी आहे असं कोण सांगणार? मग ताटं उचलताना, थोरलीची पाठ वळली की, ती माझ्यात पटकन दोन बोटं घालून वाडग्यात मीठ टाकू लागली. कधी चाखून, आणि गडबडीत कधी न चाखताच.

आता गंमत बघा, गंमत म्हणायची तर. खारट झाल्याची तक्रार एखादं गिऱ्हाईक थेट खिडकीत येऊन करायचं. थोरली दुसऱ्या दिवशी हात आखडता घ्यायची. मग सूप अळणी व्हायचं आणि धाकटी जास्त टाकायची. दोघीही एकमेकींना सांभाळत होत्या आणि दोघीही न बघता. एकूण किती मीठ पडलं हे फक्त मला माहीत होतं, कारण ते माझ्यातूनच जात होतं. पण बरणीला तोंड असलं तरी बोलता येत नाही. मी फक्त रिकामी होत राहिले. मला भरायला दोघी विसरू लागल्या, बशी ठेवायला विसरू लागल्या, आणि माझ्यात गुठळ्या झाल्या.

गेल्या शनिवारी बोटीतून चौदा जणांचं एक कुटुंब आलं. दोन टेबलांवर विभागून बसलं, एक खिडकीजवळ, एक दाराजवळ. खिडकीजवळचे वाडगे धाकटीने आधी नेले. "पाणी गरम करून दिलंय का?" तिथले आजोबा म्हणाले. ते ऐकून धाकटी घाईने परत आली आणि दाराजवळच्या सात वाडग्यांत तिने मीठ टाकलं. एका वाडग्यात माझी अख्खी गुठळी पडली. तो एका लहान मुलीपुढे गेला.

"आई," ती मुलगी मोठ्याने म्हणाली, "पोहताना नाकात जातं ना, तसं लागतंय."

सगळे हसले. पण वाडगे तसेच परत आले.

बोटवाला खिडकीपाशी आला. या वेळी तो हसत नव्हता. "वहिनी, एकाच पातेल्यातलं सूप आणि दोन टेबलांवर दोन तऱ्हा? बेटाच्या त्या टोकाला नवीन हॉटेल झालंय, त्याचा स्वतःचा धक्का आहे. लोक मला तिकडे न्या म्हणतात. मी टाळतोय. पण सोमवारपासून बोट तिकडे लावावी लागेल, असं दिसतंय. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

थोरली काही बोलायला वळली, आणि तिला दिसलं की धाकटीचा हात मनगटापर्यंत माझ्यात आहे. बोटवाल्याच्या वाडग्यासाठी.

"माझ्या मिठात हात?"

धाकटीने हात काढला नाही. "सहा महिने घालतेय, ताई."

"सहा महिने! म्हणजे खारट तू करतेस आणि नाव माझं जातंय!"

"आणि अळणी कोण करतं? रोज बाहेर उभी राहून मी ऐकते, तुम्ही नाही!" धाकटीचा आवाज फाटला. तिने समोरचा परत आलेला एक वाडगा उचलला, त्यात चमचा बुडवून थोरलीपुढे धरला. "घ्या. चाखा आणि तुम्हीच सांगा."

तो त्या मुलीचा वाडगा होता.

थोरलीने चमचा तोंडात घेतला. गिळला. मग म्हणाली, "बेताचं आहे."

धाकटीने तोच चमचा आपल्या जिभेला लावला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मिठाने आलं की कशाने, हे मला सांगता येणार नाही. तिने चमचा खाली ठेवला. फडक्याने माझ्या अंगावरची रेघ पुसली; कितीतरी दिवसांनी ती कुणीतरी पुसत होतं.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. मिठावर झाकण ठेवत जा, ओल्या हाताने घेऊ नका, गुठळी झाली तर फोडा. आणि जे माणूस रोज तुमच्यासाठी रांधतं, त्याला कधीतरी विचारा, की तुला जेवण कसं लागतं? दोन वर्षं हे घर एवढ्या एका प्रश्नासाठी अडून बसलं होतं.

त्या दिवशीही तो कुणी विचारला नाही. धक्क्यावरून लोक बोटवाल्याला हाका मारत होते. तीन वाजत आले होते. तो निघण्यासाठी वळला, तेव्हा थोरलीने मला दोन्ही हातांनी उचललं. मी जड आहे. वीस वर्षं मी फळीच्या तिच्या बाजूला होते. तिने मला पलीकडे, धाकटीच्या बाजूला ठेवलं आणि वर बशी झाकली.

"थांबा," ती बोटवाल्याला म्हणाली. "सोमवारी बोट इथेच लावा. मला चव कळत नाही. दोन वर्षं झाली. रांधीन मीच, पण यापुढे मीठ ही घालेल."