गठ्ठ्यातून आलेला स्वेटर

"खोटं वाटणार तुम्हाला. वाटू दे. खऱ्याला कोणी विचारत नाही, म्हणून तर आपण बोलतो!" असं म्हणून टेलरमास्तरांनी कात्री खाली ठेवली. त्यांची कात्री खाली आली की जुन्या कपड्यांच्या बाजारात आजूबाजूचे कान वर व्हायचे.

मास्तरांच्या थापा बाजारभर प्रसिद्ध होत्या. परदेशातून जहाजानं जुन्या कपड्यांचे गठ्ठे यायचे आणि त्यातले ढगळ कपडे उसवून मास्तर इथल्या हाडकुळ्या अंगांना बसवून द्यायचे. एकदा म्हणे एका पँटीच्या डाव्या पायात तिकडच्या साहेबाचा कुत्रा झोपलेला सापडला. "भुंकायचा तोही साहेबी भाषेत. आपली कुत्री बिचारी नुसती माना डोलवायची."

मास्तरांचं पूर्वी स्वतःचं दुकान होतं. तीन मशिनी, कोऱ्या कापडाचे तागे, मापं द्यायला आलेली गिऱ्हाइकं बाकावर टेकलेली. मग गठ्ठे यायला लागले. तिकडच्यांनी दोनदा अंगात घालून टाकून दिलेला सदरा इथल्या नुसत्या शिलाईपेक्षा स्वस्त पडायला लागला. मग कापड घेऊन शिवायला येतंय कोण? आधी गावाबाहेरची कापडगिरणी बसली, तिच्यामागोमाग दुकान. दोन मशिनी विकल्या. आणि एक दिवस मास्तरांच्या बायकोनंही सामान बांधलं. जिथून गठ्ठे येत तिकडेच निघाली, परक्याचं लेकरू सांभाळायला, स्वतःचं इथं ठेवून. निघताना डोळे पुसत म्हणाली, "तिकडचे कपडे इकडे, इकडची माणसं तिकडे. जहाजाला रिकामी फेरी नको, दुसरं काय!"

तिच्यामागे लेक बापाला अशी चिकटून असायची की सगळा बाजार तिला 'बटण' म्हणायचा.

आणि गेल्या थंडीत बायकोच्या खोलीतल्या मैत्रिणीचा फोन आला. बाईनं ताप अंगावर काढला होता. रजा मागितली असती तर काम सुटलं असतं. तिकडेच सगळं उरकलं. देह आणायला काय पडलं असतं ते ऐकून मास्तर फोनवर नुसतं "बरं, बरं" म्हणत राहिले. फाटकी कॉलर चार दिडक्यांत सात समुद्र ओलांडून येते. माणसाला तेवढी वाट महाग.

बटणाला सांगायचं राहिलं. आज सांगू, उद्या सांगू. "आईचा फोन का येत नाही?" असं पोरीनं विचारलं की उभ्या बाजाराला टोप्या घालणारा माणूस सुईत दोरा ओवायला लागायचा. मग त्यानं आपल्याला येत होतं तेच केलं. मालकिणीनं आईचा फोन काढून घेतलाय, म्हणून आता ती गठ्ठ्यातून निरोप धाडते, असं सांगून टाकलं. कधी एखाद्या खिशात रिबीन निघे, कधी काचेचा मणी. पोरगी ते उशाखाली घेऊन झोपे, आणि बाप छताकडे बघत पडे.

"तर आज जहाज बंदराला लागलं," मास्तर समोर बसलेल्या बटणाला सांगू लागले, "आणि हा गठ्ठा आपल्या पायांनी उतरला. हमालाला हात लावू देईना! लोळत लोळत थेट आपल्या दारात."

"जकात भरली का हो त्यानं?" चहावाल्यानं विचारलं. त्याला सगळं ठाऊक होतं. थाप लंगडायला लागली की तो असा टेकू द्यायचा.

"भरली तर! वर पावतीसाठी भांडला."

बाजार खदखदला. मास्तरांनी गठ्ठ्याची पट्टी कापली, कोपरापर्यंत हात आत खुपसला आणि एक निळा स्वेटर ओढून काढला. बाप्यामाणसाचा तो स्वेटर बटण शाळेत गेली की ते थोडा थोडा कापून, शिवून लहान करत आले होते. सकाळीच तो त्यांनी गठ्ठ्याच्या फटीत दडवला होता.

"बघ! कसा मापात आहे! आईशिवाय कोणाला ठाऊक असणार तुझं माप?"

बटणानं स्वेटर घेतला. अंगाला लावून पाहिला नाही. नाकाशी धरला आणि डोळे मिटून घेतले. आईचा वास शोधतेय पोर, असं मास्तरांना वाटलं.

"बाबा, गठ्ठ्यातल्या कपड्यांना किडीच्या औषधाचा वास येतो."

"येतो ना."

"याला आपल्या साबणाचा येतोय."

"अगं, आई जाताना हाच साबण घेऊन गेली होती की," चहावाला घाईनं म्हणाला.

"एक वडी नेली होती, काका. इतके दिवस पुरते का?" तिनं स्वेटरची घडी घातली, बापाच्या मांडीवर ठेवली आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "हा तुम्हीच धुतलाय, बाबा. आई नाहीये ना आता?"