सरांचा डावा हात

पाचवीच्या सरांना मोठ्या बाईंनी सोमवारीच बजावून ठेवलं होतं. चाचणीत अर्धा वर्ग कोनांवर आपटला होता. शुक्रवारी तपासणीच्या बाई येणार होत्या आणि त्यांच्यापुढेही तेच झालं, तर पाचवीचं गणित शेजारच्या वर्गाच्या मास्तरांकडे जाणार होतं. सरांच्या वाट्याला मग चित्रकला. सरांना साधा आंबाही काढता येत नसे, आणि गणिताशिवाय शाळेत आपण करायचं काय, हे त्यांना एकोणीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

घरी बायकोने भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं. फळ्यावरच्या रेघा पोरांच्या डोक्यात शिरत नसतील तर अंगावर शिकवा, देवाने कोपर दिलंय कशाला, असं म्हणून ती मोकळी झाली.

मंगळवारपासून वर्गात कोपरांची कवायत सुरू झाली. सरांच्या उजव्या हातात खडू, म्हणून दाखवायला डावा हात. मूठ खांद्याकडे आणली की लघुकोन. भिंतीच्या कोपऱ्यासारखा हात वळला की काटकोन. त्याहून उघडला की विशालकोन, आणि पार ताणला की सरळकोन. मुलं अशी रंगली की मधल्या सुट्टीत नळावरसुद्धा एकमेकांकडे कोन मागू लागली. बुधवारी रात्री सर बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले.

शुक्रवारी तपासणीच्या बाई आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. मोठ्या बाई दाराशी उभ्या राहिल्या. तपासणीच्या बाईंनी लघुकोन विचारला, बत्तीस मुठी खांद्यापाशी गेल्या. काटकोन, विशालकोन, एकही चुकलं नाही. मग त्यांनी सरळकोन विचारला.

बत्तीस डावे हात पुढे आले, आणि बत्तीसच्या बत्तीस कोपरात थोडे वाकलेले.

बाईंनी चष्मा पुसला. हात आणखी ताणा, म्हणाल्या. कोणी हललं नाही. पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली, "बाई, सरळकोन एवढाच असतो. सर दाखवतात ना."

सरांनी आपल्या डाव्या कोपराकडे पाहिलं. आठ वर्षांचे असताना ते झाडावरून पडले होते, आणि हाड बसवणाऱ्याने ते आपल्या सोयीने बसवलं होतं. तेव्हापासून तो हात पुरता सरळ होत नसे. लहानपणी शाळेतली पोरं ‘विळा’ म्हणून हाक मारायची, म्हणून कळत्या वयापासून सर भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा शर्ट घालत. बाहीच्या आत हात सरळच दिसतो, असं त्यांनी स्वतःला इतकं पटवलं होतं की ते स्वतःच विसरले होते.

"मुलांनी नीट पाहिलं नसेल," मोठ्या बाई घाईने म्हणाल्या. "वात्रट आहेत सगळी."

पळवाट समोर होती. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. वेण्यांची मुलगी हात तसाच धरून सरांकडे पाहत होती.

"नाही बाई," सर म्हणाले. "मुलांनी अगदी नीट पाहिलंय. हातच वाकडा आहे माझा."

त्यांनी बाहीचं बटण काढलं, बाही दंडापर्यंत गुंडाळली आणि हात टेबलावर ठेवला. फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक त्यांनी त्या मुलीच्या हातात दिला. मुलं भोवती गोळा झाली. कुणी हसलं नाही. मोजण्यावरून मात्र भांडण जुंपलं. एकजण दीडशे म्हणत होता, मुलगी एकशे पंचावन्नवर अडून बसली होती.

"काहीही असलं तरी विशालकोनच," तिने निकाल दिला. मग तिने स्वतःचा हात खाडकन ताणला, त्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सरळकोन हा. सर, तुम्हाला नाही येणार."

"नाही येणार," सर म्हणाले.

तपासणीच्या बाईंनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि निघून गेल्या. शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी सरांना बोलावलं. शेरा चांगला होता. गणित त्यांच्याकडेच राहणार होतं. सर उठले तेव्हा बाई कागदातून मान वर न काढता म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात वर्तुळ आहे. त्यासाठी डोकंबिकं वापरणार असाल, तर आधी मला दाखवून घ्या."